औषधाच्या पाकिटावर उन्हाची सूचना मराठीत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च सुरू झाला की आपल्या दैनिकासह सर्व वृत्तपत्रांतून उष्माघातापासून सांभाळण्याच्या सूचना येऊ लागतात आणि मृगाच्या सरी पडल्या की त्या थांबतात. जून-जुलैत त्यांची जागा लेप्टोस्पायरोसिस या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाविषयीची आवाहने घेतात: साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची मात्रा घ्या. ही दोन्ही प्रकारची माहिती आवश्यकच आहे. परंतु या दोहोंना जोडणारी एक गोष्ट लोकांपर्यंत पोहोचत नाही, ती ही की डॉक्सिसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, आणि असे करणारे ते एकटेच औषध नाही. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, क्षयाच्या, मुरुमांच्या आणि सांधेदुखीच्या अनेक नेहमीच्या औषधांत हा गुण आहे. औषध देताना ही सूचना रुग्णाच्या भाषेत, तोंडी आणि लेखी, मिळालीच पाहिजे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

सरकारी आरोग्यसेवेत औषधनिर्माण अधिकारी म्हणून माझी नोकरी कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत झाली. खिडकीतून औषध देताना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात, दिवसातून किती वेळा घ्यायचे आणि जेवणाआधी की जेवणानंतर. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत ती भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, हेही सांगतात, कारण ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून राहिली तर तेथे जखम होते. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना ती सहसा देत नाहीत, हे आता गावोगावच्या आशाताईंनाही पाठ आहे. उन्हाचा उल्लेख मात्र या सांगण्यात क्वचितच येतो. भातलावणीच्या दिवसांत मान, कान आणि हातांच्या मागची बाजू भाजल्यासारखी होऊन आग होते म्हणून येणारी माणसे मी पाहिली आहेत. खत बाधले, चिखल बाधला, नाहीतर एखादे गवत लागले, अशी त्यांची समजूत असे, आणि गेल्या काही दिवसांत कोणते औषध घेतले का, हे मुद्दाम विचारल्याशिवाय कॅप्सूलचा विषय निघत नसे.

या त्रासामागे काय घडते ते आधी सांगतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी जमिनीपर्यंत पोहोचणारे किरण दोन प्रकारचे असतात. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण त्वचेच्या वरच्या थरात शोषले जातात आणि उन्हाने त्वचा भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्हीए किरण त्याहून खोल जातात. ते सकाळ-संध्याकाळच्या उन्हातही बऱ्यापैकी असतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. पोटात घेतलेले औषध रक्तावाटे त्वचेत पोहोचते. काही औषधांचे रेणू हे यूव्हीए किरण शोषून घेतात आणि मिळालेली ऊर्जा आजूबाजूच्या पेशींवर सोडतात. त्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होऊन पेशींची आवरणे फुटतात आणि एरवी ज्या उन्हाने काही झाले नसते, त्याच उन्हाने काही तासांत त्वचा भाजते. यात ॲलर्जीचा संबंध नाही. पुरेशी मात्रा आणि पुरेसे ऊन एकत्र आले तर हा त्रास कोणालाही, औषध पहिल्यांदाच घेतले असले तरी, होऊ शकतो. खरी प्रकाश-ॲलर्जी त्याहून कमी आढळते. ती उन्हात गेल्यानंतर एक ते तीन दिवसांनी खाजऱ्या, इसबासारख्या पुरळाच्या रूपात दिसते आणि कपड्याखालच्या झाकलेल्या भागावरही पसरू शकते. डॉक्सिसायक्लिनचा त्रास पहिल्या प्रकारचा. क्वचित त्यात नखेही खालच्या मांसापासून सुटतात आणि फार दुखतात. ही तक्रार ऊन लागल्यानंतर बऱ्याच दिवसांनी पुढे येत असल्यामुळे तिचा औषधाशी संबंध लावणे रुग्णाला तर अवघड जातेच, पण डॉक्टरांच्याही ते पटकन ध्यानात येत नाही.

आता कोकणातल्या लावणीकडे पाहू. पावसाळ्यात ऊन कुठले, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि गैरसमज नेमका इथेच आहे. ऊन किती तापले आहे यावरून अतिनील किरणांचा अंदाज येत नाही. उष्णता अवरक्त किरणांची आणि हवेची असते, अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. सूर्य जितका डोक्यावर, तितके ते किरण तीव्र. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस वर्षातून दोन असतात. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पाहिले तर त्यांतला पहिला मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दुसरा जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतो. म्हणजे लावणी आटोपत आलेली असताना दुपारचा सूर्य मे महिन्याइतकाच उभा असतो. दाट काळ्या ढगांनी हे किरण पुष्कळसे अडतात हे खरे, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. पावसाने उघडीप दिली आणि गार वाऱ्यात काम सोपे झाले, की माणूस डोक्यावरचे काढून ठेवतो आणि त्या दिवशी त्वचेवर सर्वाधिक मारा होतो.

पूर्वी लावणी करणाऱ्यांच्या पाठीवर इरले असे. बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे ते आवरण पावसासाठी असले, तरी वाकून काम करणाऱ्याचे डोके, मान आणि पाठ पूर्ण सावलीत राहत असे. आता त्या जागी पातळ प्लास्टिकचा कागद किंवा रेनकोट आला आहे. पारदर्शक प्लास्टिक पाऊस थोपवते, पण यूव्हीए किरण त्यातून बऱ्याच प्रमाणात पार होतात. अंगावरच्या सुती कपड्याचेही तसेच आहे. पातळ, विरळ विणीचे पांढरे सुती कापड मुळातच किरण फारसे अडवत नाही, आणि ओले झाले की त्याचे संरक्षण जवळजवळ निम्म्यावर येते. लावणीत कपडे कोरडे राहण्याचा प्रश्नच नसतो. अशा परिस्थितीत लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या शेतकऱ्याला निदान एवढे तरी सांगायला हवे की कॅप्सूल घेतल्यानंतरचे दोन-तीन दिवस मान, कान, चेहरा आणि हात नेहमीपेक्षा जास्त जपा. औषधाची निम्मी मात्रा शरीराबाहेर जायला सुमारे १८ तास लागतात, त्यामुळे त्याचा प्रभाव घेतल्या दिवसापुरता नसतो.

येथे एक गोष्ट अत्यंत स्पष्टपणे लिहितो, कारण अशा पत्राचा विपरीत अर्थ घेतला जाण्याची मला काळजी वाटते. लेप्टोस्पायरोसिसने मूत्रपिंडे निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो आणि माणसे दगावतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने हे अनुभवले आहे आणि सिंधुदुर्गानेही अनेक पावसाळ्यांत अनुभवले आहे. आठवड्याच्या एका मात्रेने त्वचेला होणारा त्रास रोज औषध घेणाऱ्यांच्या मानाने कमीच असतो. उन्हाच्या भीतीने कॅप्सूल न घेणे हा सर्वथा चुकीचा निर्णय ठरेल. कॅप्सूल घ्यायची आणि अंग झाकायचे, एवढेच सांगणे आहे. मुरुमांसाठी, स्क्रब टायफस या तापासाठी किंवा मलेरियाच्या प्रतिबंधासाठी जे लोक रोज डॉक्सिसायक्लिन घेतात, त्यांनी तर ही काळजी औषध संपेपर्यंत घ्यावी.

या विषयावर बोलताना हमखास ऐकू येणारे वाक्य असे, की हे सगळे गोऱ्या कातडीच्या लोकांचे आजार आहेत, आपण उन्हातच वाढलेली माणसे. आपल्या त्वचेतील मेलॅनिन यूव्हीबी किरणांपासून बऱ्यापैकी रक्षण करते, आणि उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे युरोप किंवा ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत पुष्कळ कमी आहे, हे मान्य. परंतु औषधाचा रेणू जेव्हा त्वचेत बसून यूव्हीए शोषत असतो, तेव्हा हे नैसर्गिक संरक्षण अपुरे पडते. सावळ्या त्वचेवर भाजल्याची लाली उठून दिसत नाही. आग होते, त्वचा ताणल्यासारखी वाटते आणि मग ती काळवंडते. पुस्तकांतील छायाचित्रे बहुधा गोऱ्या रुग्णांची असल्यामुळे आपल्याकडचा काळवंडलेला चेहरा ‘रापला आहे’ म्हणून सोडून दिला जातो. तो काळेपणा महिनोन्महिने जात नाही. मग तो घालवण्यासाठी जे काही लावले जाते, त्याने प्रकरण आणखी बिघडते. त्याविषयी पुढे लिहितो.

सर्वाधिक लोकांना लागू पडणारे उदाहरण रक्तदाबाच्या गोळ्यांचे आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणारे औषध दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत दिले जाते, आणि अशा जोडगोळीच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘एच’ हे अक्षर असते. वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्या कितीतरी जणांना त्या अक्षराचा अर्थ ठाऊक नसतो. या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते हे वैद्यकाला पूर्वीपासून माहीत आहे. डेन्मार्कमधील अभ्यासांत दीर्घकाळ ते घेणाऱ्यांत त्वचेच्या काही कर्करोगांचे प्रमाण वाढलेले आढळल्यावर २०१८ मध्ये युरोपात त्याविषयी इशारा देण्यात आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तशी भर घालायला लावली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हा वाढीव धोका दर १६,००० रुग्णांमागे वर्षाला सुमारे एक एवढा, म्हणजे अगदी लहान आहे, आणि तोही प्रामुख्याने गोऱ्या लोकांत दिसलेला. म्हणून आपल्याकडील कोणीही ही गोळी परस्पर बंद करू नये. अनियंत्रित रक्तदाबाने होणारा पक्षाघात हा त्याहून कितीतरी मोठा आणि रोजचा धोका आहे. मात्र दिवसभर उन्हात काम करणाऱ्या माणसाला, एस.टी. चालकाला किंवा बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना ही गोळी देताना डॉक्टरांनी एक वाक्य सांगावे, किंवा हळवेपणा दिसू लागला तर दुसरे औषध निवडावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. चालकांना तर उजव्या हातावर आणि चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर ऊन सतत लागते. मोटारीच्या पुढच्या काचेतून यूव्हीए फारसे येत नाहीत, पण बाजूच्या साध्या काचेतून येतात, याचीही कल्पना थोड्यांना असते.

हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी दिले जाणारे अमिओडॅरोन शरीरात फार काळ साठून राहते. ते बंद केल्यावरही काही महिने त्वचा हळवी असते आणि दीर्घकाळ घेतल्यास चेहऱ्यावर निळसर-करडी छटा येऊ शकते. मानसिक आजारांतील क्लोरप्रोमाझिन, मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन, फ्लुओरोक्विनोलोन गटातील काही प्रतिजैविके, सल्फा औषधे, गजकर्णासाठी दिले जाणारे ग्रिसिओफल्विन, वेदनाशामकांपैकी पायरॉक्सिकॅम आणि नेप्रॉक्सेन ही नावे मी येथे केवळ नोंदवून पुढे जातो. क्षयाच्या उपचारातील पायराझिनामाइडनेही उघडी त्वचा तांबूस-काळी होऊ शकते, आणि आयसोनियाझिडमुळे, विशेषतः कुपोषित किंवा मद्यपी रुग्णांत, नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन पेलाग्राची लक्षणे दिसू शकतात. त्यात गळ्याभोवती आणि हातांवर उन्हाच्या जागी त्वचा काळी, खरखरीत होते. क्षयरुग्णाने यासाठी उपचार सोडायचे नसतात, आरोग्य कर्मचाऱ्याला दाखवायचे असते.

लावण्याच्या औषधांबाबत अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ती डॉक्टरांना न विचारता सर्रास वापरली जातात. गुडघा किंवा खांदा दुखतो म्हणून चोळल्या जाणाऱ्या जेलपैकी केटोप्रोफेन असलेल्या जेलमुळे तीव्र प्रकाश-ॲलर्जी होऊ शकते. युरोपीय औषध संस्थेने २०१० मध्ये याचा आढावा घेऊन असे जेल डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावे आणि ते लावत असताना व थांबवल्यानंतरही दोन आठवडे तो भाग उन्हापासून झाकावा, असे सुचवले. आपल्याकडे दुकानात गेल्यावर ‘दुखण्याचे जेल द्या’ एवढेच म्हणणे पुरते. ज्यांना या जेलची ॲलर्जी झाली आहे, त्यांना ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनचीही बाधा होऊ शकते. म्हणजे त्रास टाळायला लावलेल्या मलमानेच त्रास होतो. अशांनी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे सनस्क्रीन निवडावे.

चेहऱ्याचा काळेपणा घालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मलमांची गोष्ट याहून दुःखद आहे. स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली मलमे त्वचारोगतज्ज्ञांनी ठरावीक काळासाठी, देखरेखीखाली देण्याची आहेत. ती गोरेपणाची क्रीम म्हणून मैत्रिणीच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्महिने लावली जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि थोड्याशा उन्हातही चेहरा लाल होऊन जळजळतो. क्रीम बंद केली की जळजळ वाढते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियमांत बदल केला, तरी दुकानांत ती मागितल्यावर मिळतात हे आपण सर्वजण जाणतो. तरुण मुली रंगाच्या धास्तीने स्वतःची निरोगी त्वचा अशी गमावतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी बावचीचा उल्लेख करतो. कोडावर बावचीचा वापर आपल्या वैद्यकपरंपरेत जुना आहे आणि त्याला आधार आहे. बावचीत सोरालेन गटातील द्रव्ये असतात आणि ती त्वचेला उन्हाला हळवी करतात, म्हणूनच तो उपचार काम करतो. याच गटातील द्रव्य वापरून इजिप्तमध्ये १९४८ मध्ये अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी कोडाचे आधुनिक उपचार मांडले आणि सोरालेन आणि यूव्हीए किरण एकत्र वापरणारी आजची ‘पुवा’ उपचारपद्धती त्यातून पुढे आली. पण तेथे किरणांची मात्रा मोजून दिली जाते. घरी बावचीचे तेल लावून अंदाजाने दुपारच्या उन्हात बसणाऱ्याच्या अंगावर मोठाले फोड येतात. लिंबाच्या सालीत आणि अंजिराच्या चिकात हीच द्रव्ये असल्यामुळे पुरंदरच्या अंजीरबागांत चीक लागलेल्या हातांनी उन्हात काम करणाऱ्यांनीही हात लगेच साबणाने धुणे श्रेयस्कर आहे. आणि चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाण्याचा घरगुती सल्ला तर कोणीही कोणाला देऊ नये.

संरक्षणाचा विषय निघाला की चर्चा सनस्क्रीनपाशी येऊन थांबते. शेतमजुराला किंवा रस्त्यावर काम करणाऱ्याला ते परवडण्याजोगे नाही आणि घामात, चिखलात ते टिकणारेही नाही, हे आधी स्वीकारले पाहिजे. त्यामुळे पहिला आधार कपड्याचाच. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे, कान आणि मान झाकणारा रुमाल किंवा पदर, आणि चहूबाजूंनी काठ असलेली टोपी. आपली गांधी टोपी आदराची खरी, पण तिने नाक, कान आणि मान झाकली जात नाही. त्यापेक्षा फेटा किंवा खांद्यापर्यंत सोडलेले उपरणे या कामी चांगले. पुण्यातल्या दुचाकीवरील मुली चेहऱ्याभोवती जो स्कार्फ गुंडाळतात आणि विदर्भापासून सगळीकडे बायका जो सनकोट घालतात, त्यांची थट्टा पुष्कळ झाली, पण त्वचेच्या दृष्टीने तो उत्तम उपाय आहे. सकाळी दहा ते दुपारी तीन-चारपर्यंतचे ऊन शक्यतो टाळावे. घड्याळ नसेल तर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेपर्यंत ऊन कडक आहे असे समजावे.

ज्यांना सनस्क्रीन परवडते त्यांनी एवढे पाहावे, की एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनचे संरक्षण सांगतो, तर औषधांमुळे होणारा त्रास बहुतांशी यूव्हीएचा आहे. म्हणून आकडा ३० किंवा त्याहून अधिक असावाच, पण त्याबरोबर यूव्हीएपासूनचे संरक्षण दाखवणाऱ्या ‘पीए’ या अक्षरांपुढे तीन किंवा चार अधिकचिन्हे, अथवा यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्हींपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेखही असावा. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम मलम लावतात. आपण त्याच्या निम्मेही लावत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा लागतात आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवतो. त्यामुळे वरच्या आकड्यासाठी दुप्पट पैसे देण्यापेक्षा पुरेसे लावण्याकडे लक्ष द्यावे. सहा महिन्यांखालील बाळांना सनस्क्रीन लावू नये, त्यांना सावलीतच ठेवावे.

भाजलेच, तर आधी सावलीत यावे, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, साधे मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन लावावे आणि पाणी भरपूर प्यावे. फोड फोडू नयेत, बर्फ थेट चोळू नये, टूथपेस्ट लावू नये. मोठ्या भागावर फोड आले, ताप भरला, उलट्या किंवा भ्रम झाला तर तडक रुग्णालयात जावे आणि जाताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, मलमांच्या नळ्या आणि वैद्यांनी दिलेल्या पुड्यासुद्धा बरोबर न्याव्यात. हनुवटीखालचा, कानामागचा, घड्याळाच्या पट्ट्याखालचा भाग स्वच्छ आणि बाकीचा भाजलेला दिसला, की ऊन हे कारण असल्याचे कळते. त्यामागे औषध आहे, ल्युपससारखा आजार आहे, की शेताच्या बांधावरचे गाजर गवत, हे मग डॉक्टर ठरवू शकतात.

आता मागणीविषयी. ब्रिटनमध्ये औषधविक्रेत्यांसाठी ठरवून दिलेल्या इशारापट्ट्या आहेत. त्यांपैकी अकराव्या क्रमांकाच्या पट्टीवर त्वचेचे उन्हापासून रक्षण करा, आकाश उजळ पण ढगाळ असले तरीही, अशा अर्थाची सूचना असते. डॉक्सिसायक्लिन, अमिओडॅरोन, क्लोरप्रोमाझिन अशा औषधांच्या डबीवर ती चिकटवण्याची शिफारस आहे. जेथे वर्षाचा मोठा भाग सूर्य दिसत नाही, त्या देशाने ही व्यवस्था केली आहे. आपल्या गोळ्यांच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत जे असते ते रुग्ण वाचत नाही, आणि पट्टी कापून चार गोळ्या दिल्या तर तेवढेही त्याच्याकडे राहत नाही. भारतीय औषधशास्त्र परिषदेच्या २०१५ च्या विनियमांनुसार रुग्णाला समुपदेशन करणे हे नोंदणीकृत औषधविक्रेत्याचे कर्तव्यच आहे. तेव्हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधांची एक यादी प्रसिद्ध करावी आणि ‘हे औषध चालू असताना अंग उन्हापासून झाका, ढगाळ दिवशीही’ हा मराठी मजकूर असलेली पट्टी किंवा शिक्का प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवणे बंधनकारक करावे. सार्वजनिक आरोग्य विभागाने येत्या पावसाळ्याआधी डॉक्सिसायक्लिनच्या वाटपासाठी वापरल्या जाणाऱ्या कागदी पाकिटांवर तोच मजकूर छापून घ्यावा. पाकिटे दरवर्षी छापली जातातच. त्यात एक ओळ वाढवायला वेगळा निधी लागणार नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. हवामानाच्या रोजच्या चौकटीत कमाल-किमान तापमान, आर्द्रता आणि सूर्योदय-सूर्यास्त असतो. त्यात अतिनील निर्देशांकाची भर घालावी. या निर्देशांकाप्रमाणे ३ पासून पुढे संरक्षणाची गरज सुरू होते, ८ ते १० ही अति तीव्र आणि ११ आणि त्याच्या वर पराकोटीची पातळी मानली जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात तो दुपारी ११ च्या पुढे जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या, हवेची गुणवत्ता आणि हवामान सांगणाऱ्या ‘सफर’ प्रणालीत अतिनील किरणांच्या माहितीचा विचार झालेला आहे. म्हणजे विषय आपल्या तज्ज्ञांना नवा नाही, तो वाचकापर्यंत आणायचा राहिला आहे. चौकट बारमाही असावी आणि जुलै-ऑगस्टमध्येही वगळली जाऊ नये, कारण त्याच महिन्यांत कोकणातील हजारो हात डॉक्सिसायक्लिन घेऊन शेतात उतरलेले असतात.

औषध चालू असताना उन्हाने त्वचा भाजली किंवा काळवंडली, तर डॉक्टरांना दाखवण्याबरोबरच तिची नोंद औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. रुग्ण स्वतः ती करू शकतो, त्यासाठी डॉक्टरच्या सहीची गरज नाही. अशा नोंदी खेड्यापाड्यांतून येऊ लागल्या, तर पाकिटावरच्या त्या एका ओळीसाठी आमच्यासारख्यांना पत्रे लिहावी लागणार नाहीत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, रत्नागिरी